जेवढी चूक, तेवढाच शब्द

फोन दुपारी आला. पुण्यातल्या आमच्या घरी फोन नव्यानंच लागला होता आणि त्यावर लांबची घंटी वाजली की पलीकडे लखनौच्या पुष्पाताईच असणार, हे घरात ठरून गेलेलं. मी रिसीव्हर उचलून थेट म्हटलं, "बोला ताई." पलीकडून त्यांची मुलगी अस्मिता बोलली. "मौसी, आप खड़ी हैं या बैठी हैं?" मी म्हटलं, उभी आहे गं, काय झालं? "पहले बैठ जाइए." मी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसले. मग ती शांतपणे म्हणाली, "मम्मी सुबह से बिलकुल ठीक थीं. चाय बनाई, पी, कप नीचे रखा... और बस." नंतर किती तरी दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की त्या पोरीनं मरणाचा एकही शब्द उच्चारला नव्हता. आधी मला बसवलं, आणि मग आईचा कप खाली ठेवलेला तेवढा मला दाखवला. पुष्पा रामटेके यांच्या मुलीनं बातमी आणखी कशी सांगितली असती...

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. रडायचं ते रडून झालं. आता त्यांची आठवण येते ती बहुतेक हसूच घेऊन येते, आणि याला कारण आमची पहिली भेट. ब्याण्णव साली लग्न करून मी साताऱ्याहून लखनौला गेले. नवरा हवाई दलात, दिवसभर ड्यूटीवर. आमची भाड्याची खोली कानपूर रोडला, अमौसी विमानतळाच्या अलीकडे. दिवसभर डोक्यावरून विमानं जायची आणि खाली मी एकटी. मला देवनागरी टायपिंग येत होतं, म्हणून सरोजिनी नगरमधल्या एका सरकारी कारखान्याच्या ऑफिसात तात्पुरत्या जागेसाठी मुलाखतीला गेले. समोर तीन साहेब होते. मधले माथुर साहेब चष्म्यावरून बघत अतिशय अदबीनं म्हणाले, "आपकी शिक्षा कहाँ हुई?" शाळेत मी चांगलं हिंदी शिकले होते, पण ऐनवेळी डोक्यातलं हिंदी पार पळालं आणि मागे उरली ती नुसती साताऱ्याची मराठी. शिक्षा? माझे कान तापले. मी ताठ बसून उत्तर दिलं, "सर, मुझे आज तक कोई शिक्षा नहीं हुई. हमारे पूरे खानदान में किसी को नहीं हुई."

तिन्ही साहेब एकमेकांकडे बघायला लागले. कोपऱ्यात एक सावळ्या, ठेंगण्या बाई कागदांना टाचण्या लावत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर न करता मराठीत म्हटलं, "पोरी, शिक्षण विचारून राहिले ते. जेल नाही." मग उठून साहेबांना समजावलं, "सर, इनके यहाँ शिक्षा दंड को कहते हैं. लड़की ने तो सच ही बोला है." माथुर साहेब चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले आणि मला नोकरी मिळाली. बाहेर आल्यावर पुष्पाताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "खानदान मध्ये आणायची काही गरज नव्हती," त्या म्हणाल्या, "पण बरं झालं. आता तुला कोणी विसरत नाही."

त्या भंडाऱ्याकडच्या. ऑफिसात हिंदी अनुवादक. इंग्रजीत आलेली पत्रं, परिपत्रकं, नोटिसा हिंदीत करायच्या, हे त्यांचं काम. यजमान रेल्वेत होते, त्यांची नोकरी चारबाग स्टेशनात. माझी ओळख होण्याआधी तीन वर्षं ते वारले होते. अस्मिता तेव्हा नववीत. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून. पुष्पाताई म्हणायच्या, "माझी पोरगी म्हणजे एका दिशेचा रस्ता आहे. मराठी आत जाते, बाहेर काही येत नाही." आणि त्या स्वतः? अखंड बोलायच्या. टायपिंग थांबवून मी ऐकत बसले की म्हणायच्या, तुझी बोटं थांबली, माझं तोंड थांबत नाही, आपलं जमणार कसं.

लखनौत कसं बोलायचं ते मी त्यांच्याकडूनच शिकले. पहिल्याच महिन्यात मी एका सब्जीवाल्याला, आपल्याकडे म्हणतात तसं सहज, "तू आधा किलो दे ना" म्हटलं होतं. त्या पांढऱ्या मिशांच्या माणसानं तराजू खाली ठेवला. "बहन जी, भिंडी मत लीजिए, पर तू-तड़ाक मत कीजिए." मी रडकुंडीला येऊन ऑफिसात आले. पुष्पाताई म्हणाल्या, "आपण आईला तू म्हणतो, देवाला तू म्हणतो. तू त्याला देवच म्हणालीस, पण त्याला ते कळणार कसं? शब्द आपल्या तोंडातून काय म्हणून निघाला ते कोणी विचारत नाही गं. समोरच्याच्या कानात काय म्हणून पोचला, तेवढंच उरतं." संध्याकाळी त्या स्वतः माझ्याबरोबर त्या गाड्यावर आल्या. मी "भैया, आप नाराज़ मत होइए" म्हटलं. त्यानं अर्धा किलो भेंडी दिली आणि वर मूठभर मिरच्या टाकल्या. परत येताना त्या म्हणाल्या, "बघ, एका 'आप'ला मिरच्या फुकट."

हे सगळं त्या गमतीनं सांगायच्या. त्याच्या मुळाशी काय होतं, ते मला एकदाच कळलं. हिवाळ्यातला रविवार होता. लखनौच्या थंडीत सगळं शहर गच्चीवर येतं, तशा आम्ही त्यांच्या क्वार्टरच्या गच्चीवर उन्हात बसलो होतो, त्यांचं विणकाम चाललं होतं. मी सहज विचारलं, की ऑफिसातल्या सफाईवाल्यापासून सगळ्यांना तुम्ही 'जी' लावून हाक का मारता, बाकी कोणी मारत नाही. सुया थांबल्या. "माझ्या बापाचं नाव गणपत," त्या म्हणाल्या. "साठ वर्षांचा होऊन मेला. गावात त्याला शेवटपर्यंत 'गणप्या'च म्हणत. शेंबडी पोरंसुद्धा. मी सातवीत वर्गात पहिली आले तेव्हा हेडमास्तरांनी सभेत वाचलं, 'पुष्पा गणपतराव रामटेके'..." लग्नाआधीही त्या रामटेकेच होत्या, हे सांगायला त्या मध्येच थांबल्या, असल्या बारकाव्यावाचून त्यांची गोष्ट पुढे सरकत नसे. "बाप मागं उभा होता. त्यानं वळून मागं पाहिलं, की हा गणपतराव कोण आला. मग त्याला कळलं. घरी येईस्तोवर रस्ताभर तो चालत होता कसा, ते मी पाहिलं ना..." त्यांनी सुया पुन्हा उचलल्या. "एक 'राव' लावला मास्तरांनी. त्यांना काय पडलं? काही नाही. म्हणून मी लावते."

रामसमुझचं प्रकरण घडलं ते त्याच्याच पुढच्या हिवाळ्यात. रामसमुझ आमच्या कारखान्यात मशीनवर होता, बावीस वर्षांची नोकरी. गाव गोंडा जिल्ह्यातलं. बायकोच्या ऑपरेशनसाठी चार दिवसांची रजा घेऊन गेला आणि परत आला नाही. त्याचं एक इनलँड पत्र आलं. डाक बघायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. आलेल्या प्रत्येक पत्राचा सारांश एका ओळीत रजिस्टरमध्ये लिहायचा आणि पत्र फाइलला लावायचं. त्यानं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'घरवाली की हालत ठीक नहीं है, अभी आ नहीं पाऊँगा, पता नीचे लिखा है.' चहा आला होता, कोणाला तरी मुलगा झाला म्हणून पेढे वाटणं चाललं होतं. मी घाईत रजिस्टरमध्ये लिहिलं, 'आने से इनकार.' आणि पेढा घ्यायला उठले.

तीन आठवड्यांनी पुष्पाताईंच्या टेबलावर एक इंग्रजी मसुदा आला. रामसमुझला नोकरीवरून का काढू नये, अशी नोटीस. हिंदीत करून त्याच्या गावी पाठवायची होती. त्यांची एक सवय होती. पत्र ज्याला जाणार, त्याच्या जागी बसून ते एकदा मोठ्यानं वाचायचं. त्यांनी वाचायला घेतलं आणि एका शब्दाशी थांबल्या. "फरार लिहायला सांगतात," त्या म्हणाल्या. "काहून? चोर आहेत का ते? रामसमुझजींचं पत्र आलं होतं ना गं?" मी रजिस्टर उघडलं. माझंच अक्षर. मग फाइलमधून पत्र काढलं. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि वाचली, आणि गप्प राहिल्या. पुष्पाताई गप्प राहिल्या, हे सगळ्यात भीतीचं होतं.

"कल्पना," त्या म्हणाल्या, "'येत नाही' आणि 'येणं होत नाही' यांत किती अंतर आहे?"

"फार नाही, ताई..."

"बावीस वर्षांच्या नोकरीएवढं आहे."

मला रडू फुटलं. माझी मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. ही चूक कळली तर मला पुन्हा कोण घेणार, आणि खरं सांगायचं तर रामसमुझच्या आधी तेच माझ्या मनात आलं. पुष्पाताई रागावल्या नाहीत. कागद पुढे सरकवून म्हणाल्या, साहेबांना लिहून दे. मी डोळे पुसत पानभर लिहिलं. माझ्याकडून अक्षम्य अपराध घडला आहे, मी या पदाला लायक नाही, मला मिळेल तो दंड मान्य आहे. त्यांनी ते वाचलं आणि पहिल्याच ओळीवर पेन्सिल ठेवली.

"काय लिहून राहिली तू? अपराध केला का?"

"हो ना. माझ्यामुळेच..."

"अपराध नाही केला. चूक केली. मग चूक लिही. जेवढी आहे तेवढीच लिहायची. लहान केली तर खोटं, आणि मोठी केली तरी खोटंच. आणि तू मोठी केली का, साहेब तुझीच समजूत घालत बसतील. रामसमुझजी राहतात बाजूला."

पाच वेळा लिहून शेवटी चार वाक्यं उरली. 'पत्र में लिखा था कि वे अभी आ नहीं पाएँगे. मैंने रजिस्टर में आने से इनकार लिखा. यह मेरी चूक है. मूल पत्र साथ में लगा है.' टाइप करताना एक गंमत झाली. पानभर मजकूर लिहिताना जी भीती वाटत होती, तेवढी ती त्या चार वाक्यांत राहिली नव्हती. ती उरली होती त्या चुकीएवढीच.

आम्ही दोघी माथुर साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी माझा कागद वाचला, रामसमुझचं पत्र वाचलं, पुन्हा माझा कागद वाचला. म्हणाले, "तो फिर क्या लिखें, रामटेके जी? आगे की छुट्टी तो उनकी मंज़ूर नहीं थी."

"जो हुआ वही लिखिए, सर. बिना स्वीकृति अनुपस्थित. सूचना उन्होंने दी थी, स्वीकृति हमने नहीं दी."

"और बाकी?"

"बाकी तो कुछ हुआ ही नहीं."

साहेबांनी स्वतःच्या हातानं मसुद्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, वैद्यकीय कागद मागवून रजेचा विचार करावा. माझ्याकडे वळून म्हणाले, "टाइपिंग आपकी अच्छी है. अब पढ़ना भी सीख लीजिए." एवढीच मला शिक्षा झाली, आणि मराठी अर्थानं ती पहिलीच. पुढच्या महिन्यात माझी मुदत वाढली. का वाढली ते मी विचारलं नाही, पण पुष्पाताईंनी आपण होऊन सांगितलं, "तू लपवलं नाहीस म्हणून. साहेब बोलले मला."

रामसमुझ जानेवारीत परत आला, खांद्यावर हिरव्या मटारचं गाठोडं घेऊन. बायको चालायला लागली होती. त्यानं सगळ्या सेक्शनला मटार वाटले आणि त्या दुपारी ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावर शेंगा सोलणं चाललं होतं, अगदी माथुर साहेबांच्याही. त्याचा तो आनंद बघून मला राहवेना. मी पुष्पाताईंच्या कानाशी लागले, की मी रामसमुझजींना सांगून माफी मागते. त्यांनी शेंग सोलता सोलता विचारलं, "काय सांगशील?" मी म्हटलं, हेच, की माझ्यामुळे तुम्हाला फरार... "थांब," त्या म्हणाल्या. "तो शब्द त्यांनी ऐकला का? नाही ना? मग आपण काहून त्यांच्या कानात टाकायचा? चूक जिथं दुरुस्त व्हायची तिथं झाली. आता सांगशील तर तुला हलकं वाटेल, आणि त्या माणसाला जन्मभर वाजत राहील, का बावीस वर्षांनंतर मला असं म्हणणार होते." त्यांनी माझ्या ओंजळीत दाणे ओतले. "मटार खा. गोड आहेत."

खरं बोलावं हे मला घरी शिकवलं होतं. पण एखादा शब्द न बोलणं हीसुद्धा निवडच असते, आणि ती भित्रेपणानं करता येते तशी मायेनंही करता येते, हे मला त्या दिवशी मटार खाताना कळलं. रामसमुझला शेवटपर्यंत काही कळलं नाही. तो मला 'मराठी बिटिया' म्हणायचा आणि दर हिवाळ्यात मटार आणायचा.

शहाण्णव साली नवऱ्याची बदली पुण्याला झाली. पुष्पाताई दुसऱ्या वर्षी निवृत्त झाल्या आणि लखनौतच राहिल्या. भंडाऱ्याला का जात नाही म्हटलं तर म्हणायच्या, "इथं मला रामटेके जी म्हणतात. तिकडं जाऊन पुन्हा पुशी होऊ का?" आणि लगेच हसायच्या. महिन्याला एक पत्र यायचं. त्यात तक्रारी असायच्या, गुडघ्यांच्या, पाण्याच्या, अस्मिताच्या. पण वाचून संपलं की आपणच ताजेतवाने झालेलो असायचो.

फोन आला त्याच संध्याकाळी मी गाडी धरली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चारबागला उतरले. घर माणसांनी भरलेलं होतं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या तेवत होत्या, भंडाऱ्याहून दीर-नणंदा आल्या होत्या, कारखान्याची माणसं येऊन जात होती. पुढच्या रविवारी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होता आणि त्याचं कार्ड छापायला द्यायचं होतं. मजकूर कोणी लिहायचा, यावर सगळ्यांनी अस्मिताकडे बघितलं आणि अस्मितानं माझ्याकडे. आम्ही दोघी आतल्या खोलीत त्यांच्या टेबलाशी बसलो. बाहेरून सूचना येत होत्या. 'थोर समाजसेविका' लिहा. 'अजातशत्रू' लिहा. मग त्यांचे मोठे दीर दारात येऊन गंभीरपणे म्हणाले, "'मितभाषी' मात्र नक्की टाका. फार तोलून बोलायची." अस्मितानं माझ्याकडे बघितलं. "मौसी, मितभाषी मतलब?" कमी बोलणारी, मी म्हटलं. तिनं ओठ दाबले, मी ओठ दाबले, पण काही उपयोग झाला नाही. आम्ही दोघी त्या टेबलावर डोकं टेकून हसलो. दीर आधी चमकले आणि मग त्यांनाही आठवलं असावं, कारण तेही दाराला धरून हसायला लागले. तीन दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

हिंदी मजकूर साधा ठेवला. नाव, दिवस, वेळ, पत्ता. खाली एक ओळ मराठीत हवी, असं अस्मिता म्हणाली, आणि ती ओळ तीच लिहिणार होती. जन्मात तिनं मराठीत ओळ लिहिली नव्हती. बराच वेळ पेन धरून बसली, मग एकेक शब्द विचारत लिहिलं, 'आई खूप बोलायची. पण कुणाला लागेल असं बोलली नाही.' "मौसी, लागेल... चोट वाला लागेल, वही ना?" तेच, मी म्हटलं. तिनं ओळ पुन्हा वाचली आणि भुवया वर केल्या. "लेकिन दूधवाले को तो लगा था." पाणी घातलेल्या दुधावरून पुष्पाताईंनी एकदा त्या माणसाला असं काही ऐकवलं होतं, की तो आठवडाभर त्या गल्लीत फिरकला नव्हता. म्हणजे वाक्य खरं नव्हतं. पुष्पाताईंच्या कार्डावर खरं नसलेलं वाक्य कसं छापणार? मी म्हटलं, मग 'सहसा' लिही. सहसा कुणाला लागेल असं बोलली नाही.

अस्मिताचं पेन थांबलं. "सहसा? सहसा तो अचानक को कहते हैं."

हिंदीत तसंच आहे. मराठीत सहसा म्हणजे बहुतेक वेळा, आणि हिंदीत एकाएकी. मी तिला सांगितलं. ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मम्मी गईं भी तो वैसे ही, मौसी... सहसा." आणि तिनं तो शब्द लिहिला, थोडा वाकडा, पण सगळ्या ओळीत सर्वांत ठळक.

कार्डं छापून आली, शेवटची ओळ अस्मिताच्याच अक्षरात. माथुर साहेब, आता निवृत्त, ते कार्ड हातात घेऊन दारातच वाचत उभे राहिले. शेवटची ओळ त्यांनी मला मराठीतून मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितली, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, एकदा पुन्हा वाचा. एक कार्ड मी पुण्याला आणलं. ते टेबलाच्या काचेखाली आहे. पत्र लिहायला बसले की ती वाकडी ओळ समोर असते, आणि माझं पेन सहसा घाई करत नाही.